गिरणगाव : चाळ, टॉवर आणि पोलीस ठाणे

गिरणगाव : लालबाग, परळ, वरळी, भायखळा हा कापड गिरण्यांचा पट्टा.

१८ जानेवारी १९८२ : गिरणी संप सुरू, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर.

१९९१ : नव्या विकास नियमावलीत गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे ठरले : महापालिका, घरांसाठी म्हाडा, मालक. २००१च्या दुरुस्तीने वाटणी फक्त मोकळ्या जागेपुरती उरली. कामगारांच्या घरांची जागा तिथेच आटली.

जमीन आणि खून : ७ मे १९९४ रोजी महालक्ष्मीजवळ गिरणीमालक सुनीत खटाव, १६ जानेवारी १९९७ रोजी पवईत कामगार नेते दत्ता सामंत. दोघांवरही भररस्त्यात, गाडीत गोळ्या झाडल्या गेल्या. संघटित गुन्हेगारीविरुद्धचा मोक्का कायदा त्यानंतरचा, १९९९चा.

चाळीतून पोलीस ठाणं गाठावं लागलं, तर एवढं माहीत असावं.

दखलपात्र गुन्हा : खंडणी, घरफोडी. एफआयआर नोंदवावाच लागतो, प्रत विनामूल्य.

अदखलपात्र : साधी मारहाण, शिवीगाळ. चाळीतली बहुतेक भांडणं इथेच अडतात. हातात पडतो तो ‘एनसी’चा, म्हणजे अदखलपात्र नोंदीचा कागद, न्यायालयाच्या आदेशाशिवाय तपास नाही.

खोली रिकामी करा : मुंबईत घरमालकाचा हा दावा लघुवाद न्यायालयाचा, पोलिसांचा नव्हे. त्यासाठी मारण्याची धमकी दिली, तर मात्र तो फौजदारी गुन्हा.

झिरो एफआयआर : हद्द कुठलीही असो, दखलपात्र गुन्हा कोणत्याही ठाण्यात नोंदवता येतो.

तातडीच्या मदतीसाठी : ११२.