पाण्यातील प्रदूषकांचा शोध : पृष्ठवर्धित रामन प्रकीर्णनाची उपयुक्तता व मर्यादा

सर सी. व्ही. रामन यांनी १९२८ मध्ये कोलकाता येथे शोधलेल्या प्रकीर्णनात रेणूच्या कंपनांनुसार प्रकाशाची तरंगलांबी बदलते. त्यामुळे मिळणारा वर्णपट ही त्या रेणूची ओळख ठरते. परंतु सुमारे एक कोटी फोटॉनांपैकी एकाचेच असे प्रकीर्णन होत असल्याने पाण्यातील अत्यल्प प्रदूषके या पद्धतीस सापडत नसत.

१९७४ मध्ये फ्लाइशमन, हेंड्रा व मॅक्विलन यांना चांदीच्या खडबडीत इलेक्ट्रोडवर पिरिडीनचे असाधारण तीव्र संकेत मिळाले. चांदी वा सोन्याच्या नॅनोकणांमधील फटींत विद्युतक्षेत्र एकवटल्याने संकेत लक्षावधी पटींनी वाढू शकतो. पाण्याचे स्वतःचे रामन प्रकीर्णन क्षीण असल्याने थायरमसारखे बुरशीनाशक किंवा मॅलकाइट ग्रीनसारखा रंग थेट पाण्यातच ओळखता येतो.

मात्र नदीच्या पाण्यातील ह्युमिक द्रव्ये धातूचा पृष्ठभाग व्यापतात आणि प्रदूषकाचा रेणू तेथे पोहोचतच नाही. शिवाय नॅनोकणांची रचना सर्वत्र सारखी नसल्याने एकाच नमुन्याचे संकेत जागोजागी भिन्न येतात. म्हणून संकेताचा अभाव म्हणजे प्रदूषकाचा अभाव नव्हे. हे तंत्र प्राथमिक छाननीस उपयुक्त आहे. पाणी पिण्यायोग्य असल्याचा निर्णय मात्र क्रोमॅटोग्राफीसारख्या प्रमाणित पद्धतीनेच पडताळून घेणे आवश्यक ठरते.