वृक्षवलयांतील सूर्याची नोंद

जपानच्या दक्षिणेस याकुशिमा नांवाचें डोंगराळ बेट आहे. तेथील रानांत सहस्राहून अधिक वर्षें जगलेले सुगी वृक्ष आढळतात. अशाच वृक्षाच्या खोडाचीं वलयें फुसा मियाके या विदुषीनें व तिच्या सहकाऱ्यांनीं तपासलीं. इ. स. ७७४ च्या वलयापेक्षां ७७५ च्या वलयांत किरणोत्सर्गी कार्बनचें प्रमाण शेंकडा १.२ नें अधिक आहे, असें त्यांनीं २०१२ मध्यें प्रसिद्ध केलें. आंकडा क्षुल्लक वाटेल. परंतु सूर्याच्या नेहमींच्या चढउतारानें जो फरक पडतो त्याच्या तो सुमारें २० पट होता.

हा कार्बन झाडांत येतो कोठून? अंतराळांतील विश्वकिरण वातावरणाच्या वरच्या थरांवर आदळतात. त्या आघातानें सुटलेले न्यूट्रॉन नत्रवायूच्या अणूंत शिरले म्हणजे कार्बन-१४ उत्पन्न होतो. प्राणवायूशीं संयोग पावून तो हवेंत मिसळतो व पानांवाटे झाडाच्या अन्नांत उतरतो. थंड प्रदेशांतील झाडाला दरवर्षीं एक वलय येतें. तें एकदां बनलें कीं, त्या वर्षींच्या हवेची शिदोरी त्यांत कायमची बंद होते.

सूर्य क्षुब्ध असतां त्याचें चुंबकीय क्षेत्र विश्वकिरणांना पुष्कळसें थोपवितें. तो मंदावला कीं कार्बन-१४ वाढतो. १६४५ ते १७१५ पर्यंत सूर्यावर डाग क्वचितच दिसत, आणि त्या काळच्या लांकडांत हा कार्बन वाढलेलाच सांपडतो. त्याचा भाऊबंद कार्बन-१३ मात्र पावसापाण्याची साक्ष देतो. पाण्याची ओढ लागली म्हणजे पानें आपलीं रंध्रें मिटून घेतात, आणि एरवीं टाळलेला हा जड कार्बन निमूटपणें पत्करतात.

७७५ ची उसळी मंद सूर्यामुळें एका वर्षांत येणें शक्य नव्हतें. दूरच्या ताऱ्याच्या स्फोटाचाहि तर्क करण्यांत आला. पुढें ग्रीनलंड व अंटार्क्टिका येथील बर्फाच्या त्याच सुमाराच्या थरांत बेरिलियम-१० व क्लोरिन-३६ हीं द्रव्यें वाढलेलीं दिसलीं, आणि त्यांच्या परस्पर प्रमाणावरून बहुतेक शास्त्रज्ञांचा कौल सूर्याकडे वळला. वेगवान कणांचा प्रचंड लोट त्यानेंच पृथ्वीवर फेकला असला पाहिजे. १८५९ च्या सौर वादळानें तारकचेऱ्यांतून ठिणग्या उडाल्या होत्या. तरी त्याची स्पष्ट खूण झाडांत मिळत नाहीं! उपग्रहांवर व दूरवर पसरलेल्या विजेच्या तारांवर विसंबणाऱ्या आजच्या जगाला ७७५ चें वलय अस्वस्थ करतें तें यामुळेंच.

अशीच, पण कांहींशी लहान उसळी ९९३ च्या वलयांत आहे. तिचा लाभ इतिहासाला झाला. कॅनडांतील न्यूफाउंडलंड बेटावर लान्स ओ मेडोज येथें युरोपच्या उत्तरेकडील नॉर्स दर्यावर्दी येऊन राहिले होते, हें उत्खननावरून ठाऊक होतें. वर्ष मात्र निश्चित नव्हतें. तेथें सांपडलेल्या, धातूच्या हत्यारानें तोडलेल्या तीन निरनिराळ्या झाडांच्या लांकडांत संशोधकांनीं ती उसळी हुडकून काढली, व तेथून बाहेरच्या सालीपर्यंतचीं वलयें मोजलीं. तिन्ही लांकडांत तीं २८ भरलीं. तीं झाडें तुटलीं तें वर्ष १०२१ होय, हें २०२१ मध्यें जाहीर झालें.