अनस्किल्ड कुणाला म्हणता?

एक झटपट क्विझ. खालच्या तीन कामांपैकी ‘अनस्किल्ड’ काम कोणतं, ते सांगा.

१) तासाभरात चाळीस पोळ्या. सगळ्या एका मापाच्या, एकही करपलेली नाही.
२) दोनशे फ्लॅट्सच्या सोसायटीच्या गेटवर उभं राहून राहणारा कोण, पाहुणा कोण आणि उगाच घुटमळणारा कोण, हे नजरेनं ओळखणं.
३) दुसऱ्यानं केलेल्या पॉवरपॉइंटमधली तारीख बदलून तो बॉसला पाठवणं.

उत्तर तुम्हाला ठाऊक आहे. आणि सगळ्यात जास्त पगार कुणाला मिळतो, तेही!

मी एचआरमध्ये काम करते. आमच्या ऑफिसातला हाउसकीपिंग, पॅन्ट्री आणि सिक्युरिटीचा स्टाफ कॉन्ट्रॅक्टरकडून येतो. दर महिन्याला त्यांची हजेरी आणि बिलं माझ्या टेबलावर येऊन पडतात. त्यात प्रत्येक नावापुढे एक रकाना असतो : कुशल, अर्धकुशल की अकुशल. आमच्या मजल्यावर बारा वर्षं काढलेल्या एका मावशींनी एकदा पगाराची स्लिप पुढे धरून मला विचारलं, ‘मॅडम, ह्या अकुशलचा अर्थ काय हो?’ मी सांगितलं, ‘ज्या कामाला वेगळं शिक्षण लागत नाही, ते.’ मावशी क्षणभर थांबल्या. म्हणाल्या, ‘मग नवीन पोरी आल्या की त्यांना आधी आठ दिवस माझ्या हाताखाली का देता?’

प्रश्न बिनतोड होता. मावशींना कोणत्या डागाला कोणतं लिक्विड लागतं, हे माहीत असतं. कोणती दोन लिक्विड्स चुकूनही एकत्र करायची नाहीत, हेही. टॉयलेट क्लीनरमधलं अॅसिड आणि ब्लीच एकत्र झालं, तर क्लोरीनसारखा विषारी वायू तयार होतो. केमिस्ट्रीची डिग्री असलेल्याला हे कळलं की ते ज्ञान, मावशींना कळलं की ती नुसती ‘सवय’?

क्लार्क कुशल, झाडूवाली अकुशल

मग हे ठरवतं कोण? केंद्राच्या किमान वेतनाच्या व्याख्येनुसार अकुशल काम म्हणजे ज्याला कौशल्य किंवा अनुभव थोडाच लागतो, किंवा लागतच नाही, असं साधं काम. रोजगार हमीच्या २००५च्या केंद्रीय कायद्यातली व्याख्या तर आणखी थेट होती : कौशल्य किंवा खास प्रशिक्षण नसताना कुणीही प्रौढ माणूस करू शकेल असं अंगमेहनतीचं काम. ‘कुणीही प्रौढ’ म्हणे! मे महिन्याच्या उन्हात मापात चर खणून दाखवा, मग बोलू.

आकडेही बोलके आहेत. २०१७ साली केंद्रानं आपल्या अखत्यारीतल्या कामांसाठी किमान वेतनाचे नवे दर काढले. ‘अ’ वर्गातल्या शहरांत झाडलोट आणि साफसफाईला दिवसाला ५२३ रुपये, म्हणजे अकुशल कामाचाच दर. आणि ६३७ रुपये कुणाला? कुशल कामगाराला. त्याच ओळीत, त्याच दरानं कारकुनालाही! टेबल-खुर्ची आणि कागद आले की माणूस आपोआप कुशल. हात ओले झाले की अकुशल. नोव्हेंबर २०२५मध्ये नवी वेतन संहिता लागू झाली, तरी अकुशल-अर्धकुशल-कुशल ही उतरंड कायम आहे. वर अतिकुशलांची पायरी आहे, एवढंच.

सीटकव्हर शिवणाऱ्या १८७ जणी

हे दुखणं फक्त आपलं नाही. लंडनजवळच्या डॅगनहॅममध्ये फोर्डचा मोठा कारखाना होता. तिथे गाड्यांची सीटकव्हर्स शिवणाऱ्या बायकांना नोकरी देताना मशीनवर टेस्ट घेतली जायची. पास झाली तरच नोकरी. पण नोकरीत घेतल्यावर ग्रेड मिळाली ती ‘बी’, म्हणजे कमी कौशल्याची. त्यावर कडी म्हणजे, त्याच ग्रेडच्या पुरुषांच्या ८५ टक्केच पगार! जून १९६८मध्ये १८७ जणींनी मशीन्स बंद केली. सीटशिवाय गाडी बाहेर कशी पडणार? अख्खं प्रॉडक्शन ठप्प झालं. शेवटी मंत्री बार्बरा कॅसल यांनी त्यांना चर्चेला बोलावलं. पगार पुरुषांच्या ९२ टक्क्यांवर गेला. १९७०मध्ये ब्रिटनमध्ये समान वेतनाचा कायदा झाला, त्याला या संपानं मोठं बळ दिलं. २०१०मध्ये यावर ‘मेड इन डॅगनहॅम’ नावाचा सिनेमाही आला.

हॅपी एंडिंग? थांबा. या बायकांची मुख्य मागणी होती ग्रेड बदलण्याची. ‘आमचं काम कौशल्याचं आहे, तसं लिहा.’ ती मागणी मान्य झाली १९८४मध्ये, पुन्हा एकदा संप केल्यावर. कंपनीनं पैसे तीन आठवड्यांत वाढवले, पण लेबल बदलायला सोळा वर्षं लावली. लेबलनं काय फरक पडतो, असं विचारणाऱ्यांनी हा हिशेब जरूर लक्षात ठेवावा.

फी भरली नाही ना!

शिवण, स्वयंपाक, साफसफाई, म्हाताऱ्या माणसाला कुशीवर वळवणं, रडणारं मूल शांत करणं... ही कामं शिकायला कुणी फी भरत नाही. आईकडून, सासूकडून, कामावरच्या जुन्या बाईकडून ती शिकली जातात. सर्टिफिकेट नाही, म्हणून कौशल्य शून्य. उद्या याच कामाचा तीन महिन्यांचा डिप्लोमा निघाला, एसी हॉलमध्ये कॉन्व्होकेशन झालं, की तेच काम ‘हॉस्पिटॅलिटी’ आणि ‘केअर’ म्हणून झळकायला लागतं.

आता कुणी म्हणेल, सर्जन आणि सफाई कामगार सारखेच का? नाहीत. सर्जन घडायला दहा-बारा वर्षं जातात, सफाईच्या कामावर माणूस आठवड्यात उभा राहू शकतो. हा फरक खरा आहे, आणि पगारातल्या अंतराचा काही भाग त्यातूनच येतो. पण ‘अकुशल’ हे लेबल मोजतं फक्त कामाचा दरवाजा. आत शिरणं किती सोपं, एवढंच. आत गेल्यावर ते काम नीट करणं किती अवघड, याचा त्यात पत्ताच नाही. दाराशी रांग मोठी म्हणून मजुरी कमी. तो बाजाराचा हिशेब झाला. मग तसंच म्हणा ना, ‘कमी पगाराचं काम’! तसं म्हटलं की पगार कमी का, हा प्रश्न कंपनीला विचारावा लागतो. ‘अकुशल’ म्हटलं की दोष त्या बाईच्या अंगावर ढकलता येतो.

आपल्याकडे तर हे जास्तच झोंबतं. झाडू कुणाच्या हाती हे इथे पिढ्यान् पिढ्या जात ठरवत आली. जातिव्यवस्था ही फक्त श्रमांची विभागणी नाही, ती श्रमिकांचीच विभागणी आहे, हे बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६मध्ये ‘अॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये मांडलं. कामाचं लेबल माणसाला चिकटवायची सवय आपल्याला जुनीच आहे.

कॉम्प्युटरला विचारा

गंमत म्हणजे, या उतरंडीची सगळ्यात मोठी फजिती मशीननंच केली आहे. रोबो बनवणारे शास्त्रज्ञ हान्स मोराव्हेक यांनी १९८८मध्येच लिहून ठेवलं होतं : कॉम्प्युटरला बुद्धिमत्तेच्या चाचणीत मोठ्या माणसाइतके मार्क मिळवून देणं सोपं, पण वर्षाच्या पोराइतकं पाहायला आणि हातपाय हलवायला शिकवणं महाकठीण. आज आमच्या ऑफिसात मिटिंगचे मिनिट्स, पॉलिसीचा ड्राफ्ट, नाकारलेल्या उमेदवाराला पाठवायचं गोड पत्र, हे सगळं एआय लिहितं. म्हणजे माझं ‘कुशल’ काम! पण ओल्या फरशीवर न घसरता वायरी चुकवत टेबलाखालून पोछा फिरवणारं आणि कुणाची पडलेली रिंग ओळखून परत आणून देणारं यंत्र अजून आमच्या मजल्यावर आलेलं नाही.

मग म्हणायचं काय?

सरकारी रकाना मला एकटीला बदलता येणार नाही. तिथे कायद्याचाच शब्द लिहावा लागतो. पण ऑफिसातल्या बोलण्यात, मेलमध्ये, जॉब डिस्क्रिप्शनमध्ये कुणाची सक्ती आहे? मी तिथे कामाचं नाव लिहिते : सफाई, पॅन्ट्री, पहारा. नवीन मुलींना शिकवणाऱ्या मावशींच्या कॉन्ट्रॅक्टरला ‘ट्रेनर अलाउन्स’ची मागणीही पाठवली आहे. फाइल अजून फिरतेय. तुमच्या ऑफिसातही अशी एक फाइल फिरवून बघा.

आणि हो, ‘कुशल’ या शब्दाचं मूळ माहीत आहे? संस्कृत पंडित त्याची फोड सांगतात : कुश, म्हणजे धारदार दर्भ, हात कापून न घेता जो आणू शकतो, तो कुशल.

म्हणजे गवत काढणारा! आजच्या मस्टरवर त्याच्या नावापुढे कोणता रकाना भरला असता, सांगा बघू?