घर आधी संगणकावर बांधा

आपल्या शाळेतील बऱ्याच कॅडेटांचे वडील सैन्यात आहेत. निवृत्तीनंतर मिळणाऱ्या रकमेतून गावी घर बांधायचे, हा बेत बहुतेक घरांत असतो. घर एकदाच बांधले जाते आणि नकाशा ठरतो तेव्हा वडील अनेकदा पोस्टिंगवर असतात. कागदावरचा नकाशा घरातल्या सगळ्यांनाच वाचता येतो असे नाही. अशा वेळी आपण सुट्टीत एक उपयोगाचे काम करू शकतो. तो नकाशा संगणकावर त्रिमितीत उभा करून सर्वांना दाखवू शकतो. मागच्या उन्हाळी सुट्टीत मी सातारा जिल्ह्यातील आमच्या घरासाठी हे केले. त्यातून जे समजले ते इथे लिहीत आहे.

मी 'स्वीट होम थ्रीडी' हा प्रोग्राम वापरला. तो फ्रान्समधील एमान्युएल प्युइबारे यांनी तयार केला असून २००६ पासून उपलब्ध आहे. तो मोफत आहे आणि विंडोज, मॅक व लिनक्स तिन्हींवर चालतो. वरच्या भागात आपण नकाशा काढतो आणि खालच्या भागात तेच घर उभे राहिलेले दिसते. शिकायला दोन-तीन तास पुरतात. पण एक गोष्ट सुरुवातीलाच लक्षात ठेवावी. आपल्या घराविषयी प्रोग्रामला काहीच माहीत नसते. आपण जे सांगत नाही, ते तो स्वतःच्या ठरलेल्या मापाने भरतो आणि चित्र मात्र छानच दिसते. बहुतेक अडचणी इथून सुरू होतात.

प्लॉट खरोखर चौकोनी आहे का?

बेंगळुरूमध्ये प्लॉटच्या जाहिरातींत 'तीस बाय चाळीस' हे माप सगळीकडे दिसते. म्हणजे १२०० चौरस फूट. या मापाची एक गंमत आहे. पायथागोरसच्या प्रमेयाने त्याचा कर्ण बरोबर ५० फूट येतो. टेप घेऊन दोन्ही कर्ण मोजावेत. चारही बाजू बरोबर असून कर्ण ५० फूट आले नाहीत, तर प्लॉट तिरका आहे. गवंडी आखणी करताना ३-४-५ चे माप धरून काटकोन तपासतात, तोच हा नियम. गावच्या जागा तर बहुधा तिरक्याच असतात. त्यामुळे चार बाजू आणि दोन कर्ण अशी सहा मापे घेतल्याशिवाय संगणकाला हात लावू नये.

फूट, इंच आणि दशांश

मिस्त्री 'साडेनऊ फूट' म्हणतात, 'नऊ फूट सहा इंच' म्हणतात आणि बारीक मापाला 'सूत' म्हणतात. आठ सूत म्हणजे एक इंच. प्रोग्राम सुरू केल्यावर आधी प्राधान्यक्रमात जाऊन एकक फूट-इंच करून घ्यावे. दशांश फुटांचा पर्याय निवडला असेल, तर नऊ फूट सहा इंच हे ९.६ नव्हे, ९.५ असे लिहायचे. ९.६ लिहिले तर सव्वा इंचाच्या आसपास फरक पडतो. चार खोल्या ओळीने असतील तर तो चौपट होतो आणि शेवटची भिंत जुळत नाही.

कागदी नकाशाचा फोटो पार्श्वभूमी म्हणून घेऊन त्यावर भिंती काढता येतात. तेव्हा एका माहीत असलेल्या लांबीवर रेघ ओढून प्रमाण सांगावे लागते. मोबाइल तिरका धरून फोटो काढला असेल, तर लांबी जुळते पण रुंदी जुळत नाही. म्हणून आडवे आणि उभे अशी दोन्ही मापे पडताळून पाहावीत.

भिंतीची जाडी

ही सर्वांत महत्त्वाची सूचना आहे. नव्या फाइलमध्ये भिंतीची जाडी ७.५ सेंटीमीटर, म्हणजे सुमारे तीन इंच धरलेली असते आणि उंची अडीच मीटर. आपल्याकडे बाहेरची विटांची भिंत नऊ इंचांची असते. दोन भिंतींच्या मध्यापासून मध्यापर्यंत दहा फूट माप असेल, तर तीन इंची भिंतींमध्ये खोली आतून ९ फूट ९ इंच दिसते. नऊ इंची भिंतींमध्ये ती ९ फूट ३ इंच उरते. दोन्हीकडे अर्धा-अर्धा इंच गिलावा धरला की ९ फूट २ इंच. हे सात इंच म्हणजे पलंग आणि कपाट यांच्यामधून जायची वाट असते. म्हणून भिंती काढण्याआधीच जाडी आणि उंची बदलावी. आधीच काढल्या असतील तर सगळ्या भिंती निवडून एकदम बदलता येतात. मिस्त्रींनाही विचारावे की लिहिलेले माप आतले आहे की बाहेरचे.

जिना

प्रोग्राममध्ये तयार जिने मिळतात. पण जिना ओढून उंच केला, तर पायऱ्यांची संख्या वाढत नाही. आहेत त्याच पायऱ्या ताणल्या जातात. चित्रात हे कळत नाही, म्हणून हिशोब वहीत करावा. आमच्या घराचा मजला स्लॅब धरून दहा फूट, म्हणजे १२० इंच होता. नकाशात मध्ये वळणाऱ्या जिन्यासाठी आठ फूट लांबी सोडली होती. तीन फूट चौथरा वजा केला की ६० इंच उरतात. दहा इंची पायरी धरली तर एका बाजूला सहा पायऱ्या बसतात. शेवटचे पाऊल चौथऱ्यावर धरून एका बाजूला सात चढ, दोन्ही मिळून चौदा. १२० भागिले १४ म्हणजे प्रत्येक चढ साडेआठ इंचांहून जास्त. राष्ट्रीय इमारत संहितेत घरातील जिन्याचा चढ जास्तीत जास्त १९० मिलिमीटर, म्हणजे साडेसात इंच सांगितला आहे. माझ्या आजीचे गुडघे दुखतात. असा जिना झाला असता तर ती गच्चीवर कधी गेलीच नसती.

लांबी ९ फूट ८ इंच केली की एका बाजूला आठ पायऱ्या बसतात, एकूण चढ अठरा होतात आणि प्रत्येक चढ पावणेसात इंचांपेक्षाही कमी येतो. मी दोन्ही चित्रे आणि हिशोब वडिलांना पाठवला. त्यांनी फोनवर मिस्त्रींशी बोलून बाहेरची खोली वीस इंच कमी केली. पाया खोदायचा होता, म्हणून हा बदल फुकटात झाला.

नेहमीच्या अडचणी

खोली भरत नसेल, म्हणजे भिंतींच्या आत दोनदा क्लिक करूनही फरशी येत नसेल, तर कुठेतरी दोन भिंतींची टोके जुळलेली नाहीत. कोपरा मोठा करून पाहावा आणि एक टोक दुसऱ्यावर आणून सोडावे. भिंत काढताना एंटर कळ दाबली तर लांबी आणि कोन आकड्यांत लिहिता येतात. माउसने अंदाजे ओढण्यापेक्षा हे केव्हाही चांगले.

बाहेरून आणलेला दरवाजा भिंतीला भोक पाडत नसेल, तर आणताना 'दरवाजा किंवा खिडकी' या पर्यायावर खूण करायची राहिली आहे.

त्रिमितीचा भाग काळा किंवा रिकामा दिसत असेल, तर फाइल साठवून प्रोग्राम पुन्हा सुरू करावा. तरीही तसेच असेल तर ग्राफिक्स ड्रायव्हर अद्ययावत करावा. संगणक मंद झाला तर झाडे, सोफे अशा जड वस्तू काढून टाकाव्यात. एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहावी, म्हणजे दोष कशात होता ते कळते. रोज नव्या नावाने, तारीख घालून प्रत साठवावी.

तयार सामान परदेशी मापाचे असते. म्हणून आपल्या घरातले कपाट, पलंग, धान्याची कोठी आणि वडिलांच्या काळ्या पेट्या टेपने मोजाव्यात आणि तेवढ्याच मापाचे साधे ठोकळे ठेवावेत. होकायंत्रात उत्तर दिशा आणि गावाचे ठिकाण भरले, की कोणत्या तारखेला किती वाजता ऊन कुठून येईल ते चित्रात पाहता येते.

घरच्यांना दाखवताना

घरात फिरून पाहण्याची सोय आहे. तेव्हा डोळ्यांची उंची बदलता येते. मी ती आजीच्या उंचीइतकी केली आणि तिला स्वयंपाकघरात 'नेले'. ती लगेच म्हणाली, "ओट्याम्होरं भिंत हाय, उजेड कुठनं यायचा?" कागदी नकाशा चार दिवस तिच्यासमोर होता, पण तेव्हा ती काहीच बोलली नव्हती. आता ओट्यासमोर खिडकी आहे.

दोन गोष्टींची काळजी घ्यावी. सरावासाठी स्वतःचे घर घ्यावे, छावणीतील इमारती घेऊ नयेत. दुसरे म्हणजे, खांब, तुळया आणि पाया किती मजबूत हवा हे असा प्रोग्राम सांगत नाही. त्यासाठी इंजिनिअरच हवा. आपले काम एवढेच, की पाया खोदण्याआधी घरातल्या प्रत्येकाला आपले घर पाहता यावे आणि प्रश्न विचारता यावेत. येत्या सुट्टीत सामान बांधताना पेटीत एक टेप जरूर टाका.