नितळ नळीतले फ्लोराइड

पाण्याची परीक्षा आपल्याकडे चुलीवर होते. डाळ लवकर शिजली, चव गोड लागली की पाणी चांगले. डाळ टणक राहिली की पाणी ‘जड’. हदगावात बारावीच्या मुलांना क्षारपरीक्षण शिकवताना मी हीच परीक्षा परीक्षानळीत घेतो. पण फ्लोराइड या दोन्ही परीक्षांतून निसटतो.

आयन म्हणजे विद्युतभारित अणू किंवा अणूंचा गट. विरघळलेला आयन सहसा डोळ्यांना दिसत नाही. त्याला ओळखायचे तर असा जोडीदार गाठून द्यावा लागतो, की दोघे मिळून साका होऊन खाली बसतील किंवा रंग बदलतील. पाण्यात विरल नायट्रिक आम्ल घालून सिल्व्हर नायट्रेटचे थेंब सोडले, की क्लोराइडचा दह्यासारखा पांढरा साका धरतो. ब्रोमाइडचा फिकट पिवळा, आयोडाइडचा पिवळा. याच कुळातल्या फ्लोराइडचा मात्र साका होत नाही, कारण सिल्व्हर फ्लोराइड पाण्यात सहज विरघळते. फ्लोराइडबद्दल ही नितळ नळी मुकीच असते.

याचे मोल आपल्या जिल्ह्याला ठाऊक आहे. हदगावची जमीन काळ्या बेसॉल्टची. पूर्वेला किनवटकडे ग्रॅनाइट लागतो आणि तिथल्या भूजलात फ्लोराइडचे प्रमाण जास्त आढळले आहे. भारतीय मानकानुसार लिटरमागे १ मिलिग्रॅम फ्लोराइड इष्ट, दुसरा स्रोत नसेल तर १.५ पर्यंत चालते. सतत त्याहून जास्त पोटात गेले तर वाढत्या मुलांच्या दातांवर डाग पडतात आणि पुढे हाडे, सांधे आखडतात. हे नुकसान भरून येत नाही.

चुलीची परीक्षा इथे उलटीच ठरू शकते. कॅल्शियम फ्लोराइड फार कमी विरघळते, म्हणून कॅल्शियम भरपूर असलेल्या जड पाण्यात फ्लोराइडला वाव कमी. डाळ छान शिजवणाऱ्या मऊ पाण्यात तो बिनबोभाट राहतो.

त्याला पकडतो झिर्कोनियम. झिर्कोनियम आणि अलिझारिन रंगद्रव्याचे मिश्रण आम्लात लालसर असते. फ्लोराइड येताच झिर्कोनियम रंगद्रव्याला सोडून त्याच्याशी जोडला जातो आणि लाली उतरून पिवळेपणा येतो. रंग जितका उतरला तितका फ्लोराइड जास्त. ॲल्युमिनियमलाही फ्लोराइडची अशीच ओढ आहे. नागपूरच्या ‘नीरी’ने विकसित केलेल्या नलगोंडा पद्धतीत तुरटी आणि चुना वापरून फ्लोराइड काढतात, तो याच ओढीमुळे. उलट, पाणी उकळल्याने फ्लोराइड जात नाही. पाणी आटते आणि त्याचे प्रमाण वाढते.

जलजीवन मिशनमध्ये गावोगाव पाच महिलांना पाणी तपासायचे प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे. आपल्या गावच्या बोअरचा अहवाल हाती आला, तर ‘पाणी योग्य’ या शेऱ्यावर थांबू नका. फ्लोराइडचा रकाना आहे का, त्यात आकडा आहे का, हे पाहा. घरात आठ वर्षांखालचे मूल असेल, तर आधी तोच पाहा. दात घडतात ते याच वयात.