भाषण करणारे हरले, रजिस्टर सांभाळणारा जिंकला

रशियन क्रांतीचा धडा शिकवताना वर्गात एक सवाल हमखास येतो. क्रांती तर लेनिन आणि ट्रॉट्स्कीने केली, मग सत्ता स्टॅलिनच्या हातात कशी गेली? पुस्तकात याचं उत्तर एका ओळीत उरकलेलं असतं. आज आपण ते जरा नीट समजून घेऊ.

१९१७ च्या क्रांतीत ट्रॉट्स्कीचं नाव लेनिनच्या बरोबरीने घेतलं जाई. तो जबरदस्त वक्ता होता. पुढे लाल सेनाही त्यानेच उभी केली. त्याच्यासमोर स्टॅलिन फिका वाटायचा. एप्रिल १९२२ मध्ये त्याला पक्षाचा सरचिटणीस नेमलं, तेव्हा इतर नेत्यांना हे कागदपत्रांचं, कंटाळवाणं काम वाटलं. पण कोणत्या जिल्ह्यात कोण सेक्रेटरी होणार, कोणाची बदली होणार, हे त्याच कचेरीतून ठरायचं. हेच सेक्रेटरी पुढे अधिवेशनाला प्रतिनिधी पाठवायचे. म्हणजे मतं आधीच जमवलेली!

लेनिनने धोका ओळखला होता. आजारपणात, जानेवारी १९२३ मध्ये, त्याने लिहून घेतलं की स्टॅलिन उद्धट आहे, त्याला या पदावरून हटवावं. लेनिन जानेवारी १९२४ मध्ये वारला. मे महिन्यात हा कागद प्रतिनिधींपुढे वाचला गेला, तेव्हा झिनोव्हिएव्ह आणि कामेनेव्ह यांनी स्टॅलिनची बाजू सावरली. का? कारण त्यांना भीती ट्रॉट्स्कीची वाटत होती. खुद्द ट्रॉट्स्की गप्प बसला.

मग एकेकाची पाळी आली. १९२५ च्या सुरुवातीला ट्रॉट्स्कीचं युद्धखातं गेलं. त्यानंतर स्टॅलिनने बुखारिनला जवळ करून झिनोव्हिएव्ह-कामेनेव्ह जोडीला बाजूला सारलं. हे दोघं आता ट्रॉट्स्कीला जाऊन मिळाले, पण फार उशीर झाला होता. १९२७ मध्ये तिघांचीही पक्षातून हकालपट्टी झाली. राहिला बुखारिन. शेतकऱ्यांवर जबरदस्ती नको, असं तो म्हणत होता. नोव्हेंबर १९२९ मध्ये त्यालाही पॉलिटब्युरोतून काढलं.

या कहाणीत एक नाव आपल्याकडे फारसं घेतलं जात नाही. ते म्हणजे मिरसैद सुलतान-गालियेव्ह. हा तातार मुस्लिम कम्युनिस्ट स्टॅलिनच्याच खात्यात काम करायचा. मुस्लिम प्रदेशांना आपला कारभार आपण चालवू द्या, हा त्याचा आग्रह. १९२३ मध्ये त्याला अटक झाली आणि पक्षातून काढलं गेलं. या अटकेला झिनोव्हिएव्ह आणि कामेनेव्ह यांनी संमती दिली होती, असं ट्रॉट्स्कीने पुढे लिहिलं आहे. दुसऱ्याच्या अटकेवर मान हलवणाऱ्या या दोघांना १९३६ मध्ये गोळ्या घातल्या गेल्या. बुखारिनला १९३८ मध्ये. सुलतान-गालियेव्हला १९४० मध्ये, आणि त्याच वर्षी मेक्सिकोत ट्रॉट्स्कीचा खून झाला.

म्हणून आम्ही मुलांना सांगतो, हुकूमशहा दरवेळी रणगाड्यावर बसून येत नाही. कधी तो सभेचं रजिस्टर सांभाळत येतो आणि एकमेकांवर जळणारे लोकच त्याला वाट करून देतात. आपली संस्था असो की मुल्क, नेमणुका कोण करतो आणि हिशेब कोणाला देतो, हे विचारत राहिलं पाहिजे. आणि ज्याच्याशी आपलं पटत नाही, त्याच्यावर अन्याय होतो तेव्हाही बोललं पाहिजे. आपली पाळी येईल तेव्हा बोलायला कोणी उरलेलं नसतं.