अध्ययन अक्षमता

सर्वसाधारण किंवा त्याहून अधिक बुद्धिमत्ता असूनही वाचन, लेखन वा गणन यांपैकी एखादे कौशल्य आत्मसात करताना मुलाला सातत्याने येणाऱ्या अडचणीस अध्ययन अक्षमता असे म्हणतात. वाचनाशी निगडित प्रकारास डिस्लेक्सिया, लेखनाशी निगडित प्रकारास डिस्ग्राफिया आणि गणिताशी निगडित प्रकारास डिस्कॅल्क्युलिया ही नावे आहेत. एकाच मुलात एकाहून अधिक प्रकार आढळू शकतात. दृष्टिदोष, श्रवणदोष, बौद्धिक अक्षमता किंवा शाळेतील दीर्घ गैरहजेरी यांमुळे मागे पडणाऱ्या मुलांचा यात समावेश होत नाही. ही अडचण पुष्कळदा एकाच कुटुंबातील अनेकांत दिसून येते. मुलाचे निदान होत असताना आपल्या शालेय जीवनातील अपयशाचा उलगडा झालेले पालकही त्यामुळे आढळतात.

इतिहास

‘डिस्लेक्सिया’ हा शब्द जर्मन नेत्रवैद्य रुडॉल्फ बर्लिन यांनी १८८७ मध्ये रूढ केला. मात्र तो मेंदूच्या विकारामुळे वाचनशक्ती गमावलेल्या प्रौढांविषयी होता. १८९६ मध्ये इंग्लंडमधील वैद्य प्रिंगल मॉर्गन यांनी चौदा वर्षांच्या एका हुशार मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. त्याला वाचन जवळजवळ येत नव्हते; पण सारे शिक्षण तोंडी दिले असते तर तो शाळेतील सर्वांत हुशार मुलगा ठरला असता, असे त्याच्या शिक्षकाचे मत होते. ‘अध्ययन अक्षमता’ या अर्थाची इंग्रजी संज्ञा सॅम्युएल कर्क यांनी १९६३ मध्ये शिकागो येथील एका परिषदेत मांडली. ही परिषद मुख्यतः पालकांची होती, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

देवनागरी लिपी आणि मराठी वाचन

इंग्रजीच्या तुलनेत मराठीत अक्षर आणि उच्चार यांचा मेळ अधिक नियमित आहे. त्यामुळे मराठी माध्यमातील मूल अडखळत का होईना वाचू लागते आणि त्याची अडचण लवकर ध्यानात येत नाही. तीच अडचण इंग्रजीच्या तासाला ठळक होते. मात्र देवनागरीच्या स्वतःच्या काही कसोट्या आहेत. स्वरचिन्हे अक्षराच्या वर, खाली, पुढे आणि मागे येतात. ‘कि’ या अक्षरात इकार ऐकू येतो नंतर, पण पहिली वेलांटी लिहिली जाते आधी. ‘सूर्य’ या शब्दातील रफार यकारावर बसतो, पण उच्चारला जातो त्याच्या आधी. एकट्या ‘र’ची ‘सूर्य’, ‘चक्र’, ‘राष्ट्र’ आणि ‘सुऱ्या’ या शब्दांत वेगवेगळी रूपे होतात. घ आणि ध, भ आणि म, ब आणि व यांची गल्लत, काना-मात्रा गळणे, जोडाक्षर फोडून वाचणे या चुका पहिली-दुसरीत सर्वच मुले करतात. तिसरी-चौथीनंतरही त्या त्याच प्रमाणात टिकून राहिल्या, तोंडी उत्तर अचूक आणि लेखी उत्तर अपुरे अशी तफावत दिसू लागली, की तपासणीची गरज असते.

अशा मुलाला मराठीत ‘ढ’ म्हणण्याची जुनी रीत आहे. ब्राह्मी लिपीपासून या अक्षराचे वळण फारसे बदलले नाही, म्हणून न सुधारणाऱ्या विद्यार्थ्यास ते नाव पडले, असे सांगितले जाते. अक्षरांशी झगडणाऱ्या मुलाला अक्षराचेच नाव द्यावे, हा योगायोग क्रूर म्हणावा लागेल.

कायदेशीर तरतुदी

भारतात १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यातील सात प्रकारांत अध्ययन अक्षमतेचा समावेश नव्हता. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ याने प्रकारांची संख्या २१ केली आणि त्यांत ती प्रथमच आली. अशा मुलांची अडचण लवकरात लवकर ओळखून योग्य अध्यापनाचे उपाय योजावेत, असे बंधन हा कायदा शिक्षणसंस्थांवर घालतो. महाराष्ट्रात परीक्षेतील सवलती या कायद्याच्या कितीतरी आधीपासून दिल्या जात आहेत. जादा वेळ, लेखनिक, शुद्धलेखनाच्या चुकांचे गुण न कापणे हे त्यांचे मुख्य स्वरूप आहे. त्यांसाठी शासकीय वा महापालिका रुग्णालयाचे प्रमाणपत्र लागते. मुंबईत शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात अशी तपासणी होते. २०१८ मध्ये केंद्र शासनाने काढलेल्या सूचनांत प्रमाणपत्र वयाच्या आठव्या वर्षानंतर देण्याची आणि चौदाव्या व अठराव्या वर्षी फेरतपासणी करण्याची तरतूद होती.

व्यवहारात अनेक पालक प्रमाणपत्रासाठी धाव घेतात ती दहावीच्या तोंडावर. सवलतीने गुण वाढतात, वाचन सुधारत नाही. त्यासाठी लागणारे उपचारात्मक अध्यापन चौथीच्या आत सुरू होणे अधिक फलदायी असते.

कुटुंब

निदानापूर्वीचा काळ घरासाठी सर्वांत कष्टाचा असतो. मुलाला आळशी ठरवले जाते, भावंडांशी तुलना होते, अभ्यासावरून रोज संध्याकाळी रडारड होते आणि दोष बहुधा आईच्या माथी येतो. ‘तारे जमीन पर’ (२००७) या हिंदी चित्रपटाने हा अनुभव सर्वदूर पोहोचवला, पण निदानानंतरही ‘शिक्का बसेल’ या भीतीने शाळेला न कळवणारे पालक आढळतात. समुपदेशनात पालकांना प्रथम सांगितले जाते ते हे, की अडचण कोणाच्या चुकीने आलेली नाही. त्यानंतरच्या सूचना साध्या असतात: एकच शब्द दहादा लिहून घेऊ नये, अक्षर वाळूत किंवा रव्यात बोटाने गिरवू द्यावे, मजकूर थोडा आणि ठळक असावा. इतिहास-भूगोलाचे धडे घरी मोठ्याने वाचून दाखवले, तर वाचन कच्चे असतानाही त्या विषयांतील मुलाची समज वर्गाबरोबर राहू शकते.